दारजींचं बेट

थकलेल्या माणसाला आमचे घरमालक पाणी विचारत नसत. आधी ओरडत, "हिलना नहीं जी." मग डोकं एका बाजूला कलवून त्या माणसाची मान, खांदे, गुडघे, घोटे असं वरून खाली न्याहाळत आणि मनासारखं दिसलं नाही की हात झटकून म्हणत, "चलो, पी लो पानी." मनासारखं कधीच दिसत नसे. दूधवाला, सिलिंडर खांद्यावरून आणणारा, पोस्टमन आणि दर गुरुवारी लुधियान्याहून परतणारे आमचे हे, यातल्या कुणाचीच सुटका नव्हती. आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान वर चढवून मी जिन्यात टेकले, तर माझ्यावरही ओरडले. मिरजेहून दोन दिवस प्रवास करून आलेली मी, मला वाटलं पायाशी साप आहे.

चंडीगडला वयस्कर सरदारजींना दारजी म्हणायची पद्धत आहे, म्हणून आम्हीही म्हणायचो. उंच, मोठ्या हाडापेराचे, अंगावर मांस मात्र बेताचं. पांढरी दाढी जाळीत बांधलेली आणि नखांत कायम प्लास्टर. बायको आम्ही यायच्या आधीच गेलेली, मूलबाळ नाही. ते शहर बांधलं जात होतं तेव्हा दारजी तिथल्या आर्किटेक्टांच्या कचेरीत मॉडेलं करायला होते. पुठ्ठ्याच्या इमारती, काड्यांचे कठडे, स्पंजची झाडं. "साहब लोग आदमी भी बनवाते थे, नाखून जितने," ते सांगत. "सब चलते हुए. पूरे शहर में एक भी बैठा हुआ नहीं." निवृत्त झाल्यावर त्याचाच सूड म्हणून की काय, त्यांनी बसलेली माणसं करायला घेतली.

ती माणसं त्यांच्या गॅरेजात होती. एक जुनं दार आडवं टाकून त्यावर त्यांनी पॅसिफिक समुद्रातलं एक बेट केलं होतं. चहाचा चोथा वाळवून त्याची माती, केरसुणीच्या काड्यांची माडांची झापं, हिरव्या काचेचा समुद्र. माड अर्ध्यातून तुटलेले. लढाई नुकतीच संपलेली आहे आणि करंगळीएवढे शिपाई जिथे जागा मिळाली तिथे बसलेले आहेत. तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर प्लास्टर आणि वर इतका बारीक रंग की गणवेशावरचे घामाचे डाग दिसावेत. कुणी उभं नाही, कुणाच्या हातात रोखलेली बंदूक नाही. मी एकदा विचारलं, मेलेले कुठे आहेत? "फट्टे के बाहर," ते दाराच्या फळीची कड दाखवून म्हणाले. "सब बाहर है. इधर सिर्फ बैठना है."

एवढंच कळलं होतं की तरुणपणी ते फौजेत होते, सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडले आणि बोटीत कोंबून त्यांना अशाच एका बेटावर नेलं. पुढचं विचारलं की ते ब्रश धुवायला उठत.

नारळी पौर्णिमेला मी हौसेनं नारळीभात केला. तिथे चांगला नारळ मिळायची मारामार. हा आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी पुण्याहून आणलेला. वाटी घेऊन खाली गेले. दारजींनी ती दोन्ही हातांत धरली, वास घेतला आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, भात लागला की काय. वाटी परत माझ्या हातात देऊन म्हणाले, "नाराज़ मत होना, पुत्तर. बहुत खाया है ये. और कुछ था ही नहीं." मी जिना चढायला लागले तेव्हा मागून हाक आली, "इसके बाल फेंक तो नहीं दिए?" तेव्हापासून आमच्या घरात फुटणाऱ्या प्रत्येक नारळाची शेंडी गॅरेजात जमा होऊ लागली. माडाच्या खोडांना ती लागायची.

ती वर्षं वाईट होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि पंजाबात रोज माणसं मरत होती. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की मी कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, एखादं गाव ऐकायचं राहू नये म्हणून. बाजारात कुठे बेवारस डबा दिसला की अख्खी रांग पळत सुटायची. रस्त्यात बस थांबवून, माणसं निवडून खाली उतरवून गोळ्या घातल्याच्या बातम्या यायच्या. आणि आमचे हे मातीचे संशोधक. दर गुरुवारी सकाळी बसने लुधियान्याला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. शेजारपाजारचे त्यांना 'डॉक्टर साब' म्हणत आणि तापाचं औषध विचारत. दर गुरुवारी मी दुपारपासून काही ना काही निवडत बसायची, तांदूळ, डाळ, काहीच नसेल तर निवडलेले तांदूळ पुन्हा.

मला एका बाजूची भीती होती, दारजींना दोन्हीकडची. पगडी पाहून प्रत्येक नाक्यावर पोलीस अडवत. दुसरीकडे कुणाच्या दारात रात्रीतून अतिरेक्यांची कसली चिठ्ठी पडेल याचा नेम नव्हता. दिल्लीत इंदिराबाईंच्या हत्येनंतर जे झालं त्यात त्यांच्या बहिणीचं घर गेलं होतं. घरातली माणसंही गेली असावीत, ते बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. तेव्हापासून दिवेलागणीनंतर ते फाटकाबाहेर पडलेले नव्हते. उजेड असतानाच फाटकाला साखळी लागायची. आम्हाला कडी वाजवायचीही रीत ठरवून दिली होती. दोनदा वाजवायची, थांबायचं, मग एकदा. आमच्या ह्यांनी एका संध्याकाळी घाईत आधी एकदा आणि मग दोनदा वाजवली. दारजींनी आतूनच त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं. ह्यांनी सांगितलं, तर मला वरून बोलावून ते बरोबर आहे का याची खात्री करून घेतली आणि मगच साखळी काढली.

त्या बेटावर एक जागा रिकामी होती. मधोमध, फुटक्या लाकडी खोक्याला लागून. तिथला शिपाई त्यांनी किती वेळा केला आणि किती वेळा मोडला याला गणती नाही. मला त्यांची दया आली. आमच्या मंडळात कोल्हापूरकडचे एक मेजर होते, त्यांना मी एका रविवारी चहाला बोलावलं आणि म्हटलं, जरा खाली येऊन आमच्या घरमालकांना दमलेला शिपाई कसा बसतो ते बसून दाखवा. बिचारे लगेच तयार झाले. गॅरेजात फरशीवर बसले, पाय पसरले, तोंड उघडं टाकून डोळे अर्धे मिटले. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात भिकारी होणारी मुलं याहून बरी बसायची. दारजींनी बराच वेळ पाहिलं आणि अदबीनं म्हणाले, "मेजर साब, आप बहुत आराम में हैं." मेजर कपडे झटकत उठले आणि मला म्हणाले, "वहिनी, म्हातारा वस्ताद आहे, पण ह्याचं काम काही पुरं होत नाही."

दारजींना काय हवं होतं ते मला नाक्यावर कळलं. एका सकाळी दूध आणायला आम्ही बरोबर निघालो होतो. चौकात वाळूच्या पोत्यांमागे निमलष्करी दलाचा एक जवान रात्रपाळी संपवून खाली बसला होता. बंदूक मांडीवर, डोळे लाल. दारजी रस्त्यातच थांबले आणि त्याच्याकडे टक लावून पाहू लागले. ओरडले नाहीत एवढं नशीब. जवानाची नजर वर आली, पगडीवर थांबली आणि त्याचा हात मांडीवरून बंदुकीच्या घोड्याकडे सरकला. मी तो हात पाहिला. माझ्या हातातली किटली वाजायला लागली. "दारजी, चला," मी चक्क मराठीत म्हणाले. ते हलेनात. जवान उठून उभा राहिला. "क्या है? क्या देख रहा है?"

मी मध्ये गेले आणि कुठून सुचलं देव जाणे, म्हणाले, "भाईसाब, इनको कम दिखता है. मेरे ससुर हैं." माझ्या कपाळावरचं कुंकू आणि त्यांची पगडी, याचा हिशेब त्याच्या डोक्यात जुळेना. तेवढ्यात मी त्यांच्या बाहीला धरून पलीकडे ओढलं. दूध केंद्राजवळ आल्यावर मी भडकले. जीव द्यायचा आहे का तुम्हाला, असं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "उसकी गर्दन देखी? सारी रात का थका हुआ है, पर गर्दन खड़ी है. सुन रही है. जब तक डर है, पुत्तर, आदमी थकता नहीं. डर उतरे, तब थकान चढ़ती है." मग दुधाच्या रांगेकडे हनुवटी करून म्हणाले, "देख ले. इस शहर में सबकी गर्दन खड़ी है." मी पाहिलं. खरंच होतं. 

तो गुरुवार हिवाळ्यातला होता. धुकं दुपारीही पुरतं उठलं नव्हतं. शेजारच्या बाई कुंपणापाशी आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "लुधियाना रोड पे बस रोकी है, सुना है. आपके डॉक्टर साब आज ही जाते हैं ना?" मी हो म्हणाले, वर आले, गॅस बंद केला आणि तशीच खाली गेले. फोन दारजींकडे होता. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता फोन लांब तारेसकट गॅरेजात आणून ठेवला. बसस्टँडचा नंबर लागेना. लागला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, कुछ पता नहीं जी, आणि ठेवून दिला.

यायची वेळ झाली आणि गेली. अंधार पडला. दारजींनी रेडिओ बंद केला. मग उठले, पगडी नीट केली, शाल घेतली. "स्टैंड पे देख आता हूँ." फाटकापर्यंत गेलेले मला ऐकू आले. साखळी वाजली. मग पुन्हा पावलं आत आली. थोड्या वेळाने परत उठले, परत साखळी वाजली, परत आत आले. दारात उभे राहून म्हणाले, "मुझसे नहीं होता, पुत्तर. डर लगता है."

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला त्या पगडीचाही राग आला आणि लगेच त्याची भीती वाटली, की आपल्या आत हेही आहे. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. नारळाच्या शेंडीचा एक गुंता माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "एक एक बाल अलग कर." मी करत राहिले. काथ्या तुटत होता, पण करत राहिले. दिव्याखाली ते बेट होतं. इतके दिवस मी ते वरवर पाहिलं होतं. त्या संध्याकाळी दिसलं की सगळे शिपाई बसलेले आहेत, पण एकाचीही मान टेकलेली नाही. जरा जरा वळलेल्या, कशाचा तरी कानोसा घेणाऱ्या. एकाच्या बसण्यात मला आमचे हे दिसले, एकात तो दूधवाला. "ये सब यहीं के हैं," दारजी म्हणाले. "मैं क्या करूँ, और कोई मिलता नहीं."

कडी वाजली. दोनदा. मग शांतता. एवढा वेळ कुणी थांबतं का, असं वाटण्याइतकी शांतता. मग एकदा.

साखळी दारजींनी काढली की मी, ते आठवत नाही. आमचे हे दारात उभे होते, चिखलानं भरलेले, दोन्ही खांद्यांवर कापडी पिशव्या. म्हणाले, "अगं, पोलिसांनी बस अडवली. सगळ्यांना उतरवलं. पिशव्यांत माती आहे हे त्यांना पटेचना. एकेक पिशवी उघडून बसले, तोवर बस निघून गेली. मग एका ट्रकनं आलो, शेवटचं चालत."

"माती?" मी म्हणाले.

"नमुने आहेत गं ते. टाकून कसे येऊ?"

मी त्यांना शिव्या देणार होते. खूप साठल्या होत्या. तोंड उघडलं आणि पाय गेले. मी गॅरेजाच्या दारातच खाली बसले, चौकटीला टेकून. एक चप्पल पायात होती, एक कशी कोण जाणे हातात. डोकं आपोआप खांद्यावर गेलं. रडू नव्हतं, काही नव्हतं. बाहेर गाडी गेली की कुत्रं भुंकलं, मला कशाचं काही वाटलं नाही. हे घाबरून म्हणाले, "काय झालं? पाणी देऊ का?" मी वाट पाहत होते की आता दारजी ओरडणार. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे पाठ करून ब्रश धूत राहिले. मला वाटलं, बाईमाणूस म्हणून लाजले असतील.

उन्हाळ्यात ह्यांची बदली पुण्याला झाली. दोन वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते झालं आणि सामान बांधताना मला दारजींकडे बघवेना. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला गॅरेजात बोलावलं. बेटावर चादर होती, ती काढली. मधोमध, फुटक्या खोक्याला टेकून, एक शिपाई बसला होता. एक बूट पायात, एक हातात. डोकं खांद्यावर गेलेलं. अंगावर गणवेश, गालावर दाढीचे खुंट, पण ती मान माझी होती. आपली मान आपल्याला कधी दिसत नाही, तरी मी ओळखली. आमचे हे माझा खांदा धरून उभे राहिले.

त्या सकाळी दारजी पहिल्यांदा पुढचं बोलले. तुटक तुटक, दाराच्या फळीच्या कडेला हात ठेवून. लढाई संपल्यावर ते एकटेच जंगलातून बेटाच्या त्या टोकाला आले होते. अंगावर चिंधी, वजन उरलेलं नाही. झाडांमधून समोर हे शिपाई दिसले. गोरे होते, एवढं कळलं. पण गोऱ्यांना हा कोण ते कसं कळणार? हललो तर गोळी घालतील. म्हणून ते सकाळपासून दुपार कलेपर्यंत झाडामागे उभे राहिले. "फिर एक की गर्दन गिर गई," ते म्हणाले. "ऐसे. मैंने सोचा, जिसकी गर्दन ऐसे गिरी है वो गोली नहीं चलाएगा. तब मैं बाहर आया."

"तुम्ही यात कुठे आहात?" मी विचारलं. मग हिंदीत पुन्हा विचारलं.

"जहाँ तू खड़ी है," ते म्हणाले आणि चादर घालू लागले.

गाडी रात्रीची होती. चंडीगडचं स्टेशन गावाबाहेर, वाटेत नाकेच नाके. दारजींना फाटकाशीच नमस्कार केला. मी वाकले तर त्यांनी वरच्या वर उचललं. मेजरांनी जीप दिली होती. स्टेशनवर जिकडेतिकडे पोलीस, प्रत्येक वळकटी उघडून बघत होते. आम्ही डब्यात बसलो, सामान बाकाखाली सारलं आणि मी खिडकीला टेकले. फलाटावरच्या गर्दीत मला एक पगडी दिसली. तिला दोन पोलिसांनी थांबवलं होतं. हात वर, शाल झटकून दाखवणं चाललं होतं. त्यांनी सोडल्यावर ती पगडी एकेका खिडकीत डोकावत आली.

"दारजी? या वेळी? कसे आलात?"

"रिक्शे में," ते म्हणाले. श्वास लागला होता, ओठ कोरडे पडले होते. घाबरलेले होते, ते लपवतही नव्हते. हातात कागदाची पुडी होती. त्यात परांठे होते. गजांतून त्यांनी ती आत दिली.  गाडी हलली तसे दोन पावलं बरोबर चालले. माझ्याकडे डोकं कलवून पाहिलं आणि म्हणाले, "बस. ऐसे ही बैठी रहना."

पण मी तशी बसू शकले नाही. फलाट मागे पडला आणि मला एकदम दिसलं की आता हा माणूस एकटा, अंधारात, तेवढे सगळे नाके ओलांडून घरी जाणार. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांची कडी कोण ऐकणार, साखळी कोण काढणार? अंबाला गेलं, पानिपत गेलं. आमचे हे घोरत होते. मी रुळांचा आवाज ऐकत ताठ बसून होते आणि माझी मान पुन्हा उभी आहे हे मला कळत होतं.

दिल्लीला उजाडलं. पुण्याच्या गाडीला वेळ होता. स्टेशनबाहेर फोनचा बूथ नुकताच उघडत होता. मी नंबर लावला. घंटा वाजत राहिली. ती खोली, गॅरेजापर्यंत जाणारी ती लांब तार, सगळं डोळ्यांपुढे आलं. वाजत राहिली. मागे उभा असलेला माणूस म्हणाला, बहनजी, नहीं उठा रहा कोई. मी ठेवला नाही.

"हां जी?" पलीकडून आवाज आला.

 नाव सांगावं, कसे आहात विचारावं, काहीच जमेना. नुसती फोन कानाला लावून उभी राहिले.  मग तेच म्हणाले, "पहुँच गया, पुत्तर. अब बैठ जा."

बूथवाल्याला पैसे ह्यांनी दिले. मी बाहेर येऊन आमच्या ट्रंकेवर बसले आणि पुण्याच्या गाडीची वेळ होईपर्यंत मला कुणी उठवलं नाही.